प्रशिक्षण झालं. बदललं काय?

[स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या आणि निरनिराळ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून काम करणाऱ्या मैत्रिणी यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.]



सकाळी ओळखीच्या फेरीत आपण सगळ्यांनी आपापल्या संघटनेचं काम सांगितलं. जवळजवळ प्रत्येकीच्या बोलण्यात एक वाक्य आलं : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल आम्ही यंदा इतकी प्रशिक्षणं घेतली. कुणी साखर कारखान्यात, कुणी बँकेत, कुणी महाविद्यालयात, कुणी औद्योगिक वसाहतीत. ऐकून बरं वाटलं. पण त्या प्रशिक्षणांनंतर तिथल्या बायकांच्या कामाच्या दिवसात काय फरक पडला, हे कुणाच्या बोलण्यात आलं नाही. यात कुणाला दोष द्यायचा नाही. हा प्रश्न आपल्याला कुणी विचारतच नाही. मालक विचारत नाही, सरकार विचारत नाही, देणगीदाराला आकडा मिळाला की पुरतो. म्हणून मला दिलेला वेळ मी या एकाच प्रश्नाला देणार आहे : प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे ओळखायचं कसं?

मी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतली आणि गेली दहा-अकरा वर्षं या कामात आहे. प्रशिक्षणं घेते, आणि काही अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणूनही बसते. म्हणजे एकाच कारखान्याच्या दोन खोल्या मला दिसतात. एका खोलीत फळ्यापुढे मी बोलत असते आणि समोरची मंडळी माना डोलावत असतात. दुसऱ्या खोलीत चौकशी चालू असते, आणि त्याच मंडळींपैकी कुणी तरी समोर बसलेलं असतं. एका चौकशीत ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, त्या पर्यवेक्षकानं कंपनीच्या संगणकावरच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. कोणती वर्तणूक छळ ठरते हे त्याला पाठ होतं. त्याच्या वकिली थाटाच्या लेखी उत्तराला ते प्रमाणपत्रच जोडलेलं होतं. माहिती असणं आणि वागणं यांत केवढं अंतर आहे, हे समजायला मला ते एक पान पुरलं.

हे प्रशिक्षण आलं कुठून?

थोडं मागे जाऊ या. १९८४ साली राजस्थान सरकारनं महिला विकास कार्यक्रम सुरू केला. गावोगाव 'साथिन' नेमल्या, त्यांना शिबिरांमधून तयार केलं. भटेरी गावच्या भंवरीदेवी त्यांतल्या एक. १९९२ साली बालविवाहाविरुद्धच्या सरकारी मोहिमेत त्यांनी आपलं काम केलं, गावातलं एक लग्न थांबवायचा प्रयत्न केला. गावानं बहिष्कार घातला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळं सोडलं.

ही कहाणी आपण प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, कायद्याचा उगम म्हणून. मला तिच्याकडे आज वेगळ्या बाजूनं पाहायचंय. भंवरीदेवींचं प्रशिक्षण यशस्वी झालं होतं. त्या शिकल्या, त्यांना पटलं, आणि शिकल्याप्रमाणे त्या वागल्या. कुठल्याही फॉर्मवर त्यांना शंभर गुण मिळाले असते. तोकडं पडलं ते त्यांना कामाला लावणारं सरकार. काम करताना तिच्यावर संकट आलं तर आपली जबाबदारी काय, याचा विचार त्या सरकारनं केलेलाच नव्हता. बाई तयार झाली, यंत्रणा तयार झाली नाही. प्रशिक्षणाचं मूल्यमापन करताना फक्त शिकणाऱ्या बाईकडे पाहिलं, तर सगळ्यात मोठं अपयश आपल्या नजरेतून निसटतं.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. 'विशाखा' आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ च्या निकालानं छळ रोखणं ही मालकाची जबाबदारी ठरवली. निकाल लागला तरी अंमलबजावणी होईना. तेव्हा पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाचं तिकडे लक्ष वेधलं. त्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल आला. मग २०१३ चा कायदा आला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून लागू झाला. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती, आणि कलम १९ प्रमाणे मालकानं ठराविक काळानं कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा आणि समिती सदस्यांसाठी मार्गदर्शन वर्ग घ्यायचे. आपल्याला येणारी बोलावणी या कलमामुळे येतात.

कायदा काय मोजतो?

आता नियम वाचा. समितीनं वर्षाच्या शेवटी जो अहवाल द्यायचा, त्यात काय असावं हे २०१३ च्या नियमांत १४ व्या नियमात दिलंय. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांहून जास्त रेंगाळल्या, कार्यशाळा किती झाल्या, आणि मालकानं काय कारवाई केली. कार्यशाळेबद्दल विचारलंय ते एवढंच : किती? कुणासाठी, कोणत्या भाषेत, कोणत्या पाळीत, त्यातून काय निघालं, यातलं काहीही विचारलेलं नाही.

जे मोजलं जातं तेच केलं जातं. म्हणून मार्च जवळ आला की आपले फोन वाजायला लागतात. "मॅडम, एका तासात होईल ना? फोटो लागतील. हजेरीपट आम्ही तयार ठेवतो." मी एका कारखान्यात गेले होते. उपाहारगृहात खुर्च्या मांडलेल्या, कायम नोकरीतले कामगार बसलेले. भिंतीशी सफाईच्या आणि कॅन्टीनच्या बायका उभ्या. त्या कंत्राटदाराच्या, म्हणून त्यांना बसवलेलं नव्हतं. मी आग्रह धरला तेव्हा त्या आत आल्या. सत्र संपल्यावर त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "ताई, सही कुठं करायची?" तिच्या अनुभवात अशा कार्यक्रमात बाईचं काम तेवढंच असतं.

वास्तविक कलम २ मधल्या व्याख्येनुसार कंत्राटी, हंगामी, रोजंदारीवरची, शिकाऊ अशी प्रत्येक जण 'कर्मचारी' आहे. मालकानं पुरवलेली बसही कामाचं ठिकाण आहे. तेव्हा मूल्यमापनाचा पहिला प्रश्न हॉलमध्ये किती जण होते हा नसावा. हॉलमध्ये कोण नव्हतं, हा असावा. मस्टरवरची यादी आणि गेटवरची यादी शेजारी ठेवा. रात्रपाळीच्या बायका होत्या का? बसचा ड्रायव्हर होता का? सुरक्षारक्षक होते का? साहेब मंडळी होती का, की 'दोन शब्द' बोलून निघून गेली?

चार पायऱ्या

प्रशिक्षण कसं जोखावं याचा विचार व्यवस्थापनाच्या शास्त्रात बराच जुना आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ पासून लिहिलेल्या लेखांत चार पायऱ्या मांडल्या. कंपन्यांची प्रशिक्षण खाती आजही त्यांचं नाव घेतात. आपल्या भाषेत सांगायच्या तर अशा : आवडलं का? कळलं का? वागणं बदललं का? आणि त्यानं फरक काय पडला?

आपण वाटतो तो अभिप्राय फॉर्म पहिल्या पायरीवर थांबतो. "वक्त्या छान बोलल्या, चहा वेळेवर मिळाला." छान बोललेलं सत्र लोकांना आवडतं, पण अस्वस्थ करणारं सत्र अनेकदा आवडत नाही. ज्या पुरुषाला आपलं वागणं आठवून घाम फुटला, तो फॉर्मवर 'उत्कृष्ट' लिहील असं नाही. तेव्हा पहिल्या पायरीच्या गुणांवर प्रशिक्षण घेणारीची पारख करू नका, आणि आपली स्वतःचीही करू नका.

संगणकावरची परीक्षा दुसऱ्या पायरीवर थांबते. तिचा उपयोग आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, हे बाईला माहीत असणं मोलाचं आहे. पण तिसरी आणि चौथी पायरी चढायला दोन-चार महिन्यांनी परत जावं लागतं, आणि तिथे मालकाला रस नसतो. परत गेल्याचा आकडा अहवालात मागितलेला नाही.

परदेशातला अनुभव

अमेरिकेत हे काम आपल्याआधी सुरू झालं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या दोन निकालांनंतर छळ रोखण्यासाठी वाजवी काळजी घेतली हे दाखवणं कंपन्यांना बचावासाठी उपयोगाचं झालं. साहजिकच प्रशिक्षणांचं पीक आलं. पुढे २०१६ मध्ये तिथल्या समान रोजगार संधी आयोगाच्या अभ्यासगटानं अहवाल दिला. त्या अहवालानं स्पष्ट म्हटलं की गेल्या तीस वर्षांतलं बरंचसं प्रशिक्षण छळ रोखण्याच्या कामी आलं नाही, कारण त्याचा सगळा रोख कंपनीला कायदेशीर जबाबदारीतून वाचवण्यावर होता. प्रशिक्षण बंद करा असं मात्र अहवाल म्हणत नाही. वरिष्ठांची बांधिलकी आणि खरोखर होणारी कारवाई यांच्या सोबतीशिवाय नुसत्या प्रशिक्षणावर भिस्त ठेवू नका, असं तो सांगतो.

फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा केलेव्ह या दोन समाजशास्त्रज्ञांचं संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. आठशेहून अधिक अमेरिकन कंपन्यांची अनेक वर्षांची माहिती त्यांनी तपासली. व्यवस्थापकांना प्रशिक्षण दिलं, तिथे पुढच्या काळात व्यवस्थापनातल्या बायकांची संख्या वाढलेली दिसली. सरसकट सगळ्या कर्मचाऱ्यांना 'हे करू नका, ते करू नका' असं सांगणारं प्रशिक्षण दिलं, तिथे गोऱ्या बायकांची संख्या उलट घटलेली आढळली. त्यांनी लावलेला अर्थ असा की व्यवस्थापकाला 'तू मदत करणारा आहेस, काय दिसलं तर काय करशील' असं शिकवलं जातं. कामगाराला मात्र 'तू संशयित आहेस' असं ऐकवलं जातं, आणि मग तो बिथरतो.

तो अभ्यास त्या देशाचा आहे, तिथल्या कंपन्यांचा आहे. आपल्या कारखान्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यातला एक मुद्दा आपल्या डोळ्यांसमोर घडतोय. प्रशिक्षणानंतर काही पुरुष म्हणतात, "आता आम्ही बायकांशी बोलतच नाही बुवा." हसण्यावारी नेऊ नका. एका ठिकाणी मी चार महिन्यांनी परत गेले तेव्हा पॅकिंगमधली एक बाई म्हणाली, "साहेब आता काही बोलत नाही. ओव्हरटाइम पण देत नाही. म्हणतो, संध्याकाळी तुम्हाला थांबवायला नको, भानगड व्हायची." तिच्या घरात त्या ओव्हरटाइमच्या पैशांवर मुलाच्या शिकवणीची फी जायची. प्रशिक्षणानं छळ थांबला असेलही, पण तिचं उत्पन्न घटलं. हा परिणामही मोजायचा असतो. चौथ्या पायरीवर फायदे लिहायचे तसे तोटेही लिहायचे.

तक्रारींचा आकडा वाचायचा कसा?

आता सगळ्यात फसवा आकडा : तक्रारी. प्रशिक्षणाआधी एक तक्रार होती, प्रशिक्षणानंतरच्या वर्षात पाच आल्या. व्यवस्थापन कपाळाला हात लावतं : "तुम्ही येऊन गेलात आणि वातावरण बिघडलं." दुसऱ्या ठिकाणी शून्य तक्रारी, आणि ते शून्य कौतुकानं फलकावर लावलेलं. कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या अहवालात समिती नेमल्याचं विधान २०१८ पासून द्यावं लागतं, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारींचे आकडेही द्यावे लागतात. ही चांगली गोष्ट आहे. पण आकडा जाहीर करायचा म्हटलं की तो लहान ठेवायचा मोहही वाढतो.

शून्याचे अर्थ दोन. एक तर छळ नाही, किंवा विश्वास नाही. वाढीचेही दोन. छळ वाढला, किंवा बोलायची हिंमत वाढली. नुसत्या आकड्यावरून यातलं काहीच ठरत नाही. म्हणून आकड्यासोबत चार गोष्टी विचारा.

तक्रार कुणी केली? केवळ कायम नोकरीतल्या, शिकलेल्या बायकाच येत असतील, तर कंत्राटी बाईपर्यंत आपण पोचलेलो नाही. एका सफाई कामगार बाईनं मला सरळ सांगितलं होतं, "समितीतल्या त्या मॅडमच आमच्या कॉन्ट्रॅक्टरची बिलं पास करतात. त्यांच्याकडं काय जाणार?" तिला कायदा समजला नव्हता असं नाही. तिला कारखानाही समजला होता.

घटनेनंतर किती दिवसांनी केली? आधी अडीच महिने लागत होते आणि आता पंधरा दिवसांत बाई येत असेल, तर काहीतरी हललंय.

किती तक्रारी मागे घेतल्या गेल्या किंवा समेटावर मिटल्या? कलम १० प्रमाणे समेट केवळ तक्रारदार बाईच्या मागणीवरूनच होऊ शकतो, आणि पैसे देऊन प्रकरण मिटवता येत नाही. भराभर समेट दिसत असतील तर ती मागणी खरंच तिची होती का, ते पाहा.

आणि चौथी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तक्रार केल्यानंतर सहा महिन्यांनी ती बाई कुठे आहे? त्याच कामावर, त्याच पाळीत, तेवढ्याच पगारावर आहे का? की राजीनामा देऊन गेली, करार 'संपला', दुसऱ्या विभागात गेली? आजूबाजूच्या बायका आपलं भाषण विसरतात. तिचं काय झालं हे त्या विसरत नाहीत. त्या कारखान्यातलं खरं प्रशिक्षण तेच असतं.

इथे गुप्ततेचा प्रश्न येईल. कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर आणि नावं बाहेर देता येत नाहीत, देऊही नयेत. पण त्याच कलमात सवलत आहे. कुणाची ओळख पटणार नाही अशा रीतीनं मिळालेल्या न्यायाची माहिती देता येते. "या वर्षी एका प्रकरणात दोषी व्यक्तीची वेतनवाढ रोखली", एवढं एक वाक्य फलकावर लागलं तर दहा व्याख्यानांचं काम होतं. किती कंपन्या ते लावतात, हे आपण आपल्या भागात मोजू शकतो.

समितीचं प्रशिक्षण फाईलमध्ये दिसतं

कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण जोखणं अवघड आहे, पण समिती सदस्यांचं त्या मानानं सोपं. समितीची फाईल उघडा. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला गेली का? त्याचं उत्तर दहा कामकाजाच्या दिवसांत आलं का? सुनावणीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य होते का? वकील आत बसला नव्हता ना? चौकशी ९० दिवसांत पुरी झाली का? चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागता येते, हे बाईला सांगितलं होतं का? प्रश्न विचारताना 'तू त्या वेळी तिथे गेलीसच कशाला' असलं काही नोंदीत आहे का? तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून तिला खोटी ठरवायची घाई केली का? कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिलंय की पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

प्रशिक्षणाआधीची एक फाईल आणि नंतरची एक फाईल यांची अशी तुलना करायला अर्धा दिवस लागतो. आपल्यापैकी ज्या बाहेरच्या सदस्य आहेत त्यांना हे पाहण्याचा हक्क आहे, कारण त्या समितीच्याच आहेत. हा हक्क वापरा. वर्षातून एकदा सहीसाठी येणारा कागद म्हणजे सदस्यत्व नव्हे.

फाईल नीट नसली तर काय होतं, तेही बघा. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. समितीनं शेवटी शेवटी घाईनं, एकापाठोपाठ एक सुनावण्या उरकल्या, समोरच्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून अनेक वर्षांनी ते प्रकरण पुन्हा चौकशीसाठी परत पाठवावं लागलं. त्यात तक्रारदारांचा काय दोष? समितीला चौकशी करता आली नाही, याची किंमत तक्रारदारांनीही मोजली. त्याच निकालात न्यायालयानं कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल खंत व्यक्त केली. देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ ठिकाणी समितीच नव्हती, या वृत्तपत्रातल्या बातमीचा उल्लेख केला, आणि समिती सदस्यांची कौशल्यं वाढवणारे कार्यक्रम नियमित घेण्याचे आदेश दिले. आपल्या हातात हा आधार आहे.

बाईला विचारायचं कसं?

परत जाऊन विचारायचं म्हटलं की लोक छापील प्रश्नावली काढतात. 'नाव लिहू नका' असं वर लिहिलं की ती गुप्त झाली असं समजतात. ज्या विभागात पाच बायका आहेत, तिथे अक्षरावरून कोण ते कळतं. संगणकावर भरायचं असेल तर कोणत्या टेबलावरून भरलं तेही कळतं, निदान तशी भीती असते. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्या सुटतातच.

आम्ही एक साधी पद्धत वापरतो. दोन डबे, एक लाल, एक हिरवा. प्रत्येकीला मूठभर चवळी. प्रश्न मोठ्यानं वाचायचा, प्रत्येकीनं पडद्याआड जाऊन एक दाणा टाकायचा. 'समितीतल्या एकीचं तरी नाव तुम्हाला माहीत आहे का?' 'उद्या तुमच्याशी कुणी वाईट वागलं तर तुम्ही इथे सांगाल का?' 'सांगितल्यावर तुमचं काम टिकेल असं वाटतं का?' 'गेल्या तीन महिन्यांत असं काही होताना तुम्ही पाहिलं का?' 'पाहिल्यावर कुणी मध्ये पडलं का?' पाच प्रश्न, अर्धा तास. हेच पाच प्रश्न प्रशिक्षणाआधी विचारा, तीन महिन्यांनी विचारा, वर्षानं विचारा. विभागवार वेगळे मोजू नका, सगळ्यांचे दाणे एकत्र करा. दाण्याला अक्षर नसतं आणि जातही नसते.

यातला तिसरा प्रश्न मला फार काही सांगून जातो. पहिल्याला हिरव्या डब्यात दाणे वाढतात, कारण नावं पाठ होतात. तिसऱ्याला वाढत नाहीत. वाढायला हवे असतील तर व्याख्यान पुरत नाही. कंत्राटदाराच्या करारात अट घालावी लागते, तक्रार चालू असताना त्या बाईला काढता येणार नाही अशी. म्हणजे मूल्यमापन आपल्याला भाषणाकडून मागणीकडे नेतं. संघटनेचं काम तिथूनच सुरू होतं.

यासोबत कारखान्यात एक फेरी मारा. समितीची नावं लावलेला फलक कुठे आहे? साहेबांच्या केबिनबाहेर, की बायकांच्या स्वच्छतागृहाजवळ? मराठीत आहे का? फोन नंबर चालू आहे का? लावून पाहा. रात्री बस थांबते तिथे दिवा आहे का? प्रशिक्षणात बायकांनी ज्या अंधाऱ्या जागा सांगितल्या होत्या, त्यांचं पुढे काय झालं?

ज्यांना हॉलच नाही

आतापर्यंत मी कारखान्यांबद्दल बोलले. पण आपल्या राज्यातल्या बहुसंख्य कष्टकरी बायकांना ना उपाहारगृह, ना मस्टर. घरकामगार, ऊसतोडणीच्या टोळीतल्या बायका, बांधकामावरच्या, शेतमजूर. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथली, किंवा खुद्द मालकाविरुद्धची तक्रार तिथे जाते. तालुक्याला आणि शहरात प्रभागाला तक्रार घेणारा समन्वय अधिकारी नेमलेला असायला हवा. या लोकांना तयार करणं, प्रचार करणं हे कलम २४ प्रमाणे सरकारचं काम आहे. पण कायद्यानंच तिथे 'आर्थिक आणि इतर साधनांच्या उपलब्धतेनुसार' अशी पळवाट ठेवलीय. कारखानदाराला सबब नाही, सरकारला आहे.

इथे मूल्यमापन कसलं करणार, असं वाटेल. मी म्हणते, इथे ते सगळ्यात सोपं आहे. दहा घरकामगार बायकांना विचारा, जिल्हा समिती कुठे बसते. मग एकीला सोबत घेऊन आपण तिथे जाऊन पाहा. पाटी आहे का? टेबलाशी कुणी आहे का? तोंडी सांगितलं तर लिहून घेतात का? कायद्यानुसार, ज्या बाईला लिहिता येत नाही तिला तक्रार लिहायला मदत करायची आहे. जाण्या-येण्यात तिची किती मजुरी बुडाली? एवढं लिहून काढलं तरी त्या जिल्ह्यातल्या सगळ्या 'जनजागृती कार्यक्रमां'चं मूल्यमापन होतं.

आपण काय ठरवायचं?

शेवटी आपल्या स्वतःबद्दल. प्रशिक्षणाचं मानधन हा आज अनेक संघटनांचा आधार आहे. कार्यालयाचं भाडं त्यातून निघतं. यात लाजण्यासारखं काही नाही. कष्टाचे पैसे आहेत. पण आपल्या नावाचं प्रमाणपत्र उद्या एखाद्या बाईच्याच विरुद्ध फाईलला जोडलं जाऊ शकतं, 'आम्ही प्रशिक्षण दिलं होतं, आमची जबाबदारी संपली' असं म्हणत. म्हणून बोलावणं आलं की आपण सगळ्याजणींनी काही अटी एकसारख्या घालाव्यात, असं मी सुचवते. एकटीनं घातल्या तर मालक दुसरीकडे जाईल. सगळ्यांनी घातल्या तर त्याला ऐकावं लागेल.

पहिली अट : कंत्राटी आणि रात्रपाळीच्या बायका कामाच्या वेळेत, पगारी वेळ धरून सत्राला येतील. दुसरी : व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक यांचं वेगळं सत्र होईल, आणि समोर छळ होताना दिसला तर त्यांनी काय करायचं यावर ते असेल. तिसरी : तीन महिन्यांनी आम्ही परत येऊ, बायकांशी त्यांच्या साहेबांच्या गैरहजेरीत बोलू, आणि हे मूळ करारातच लिहिलेलं असेल. चौथी : प्रमाणपत्र त्या दुसऱ्या भेटीनंतर मिळेल, आणि त्यावर काय आढळलं तेही लिहिलेलं असेल.

आणि आपल्यासाठी एक काम. पुढच्या शिबिराला येताना प्रत्येकीनं एका ठिकाणच्या त्या पाच प्रश्नांची उत्तरं आणावीत, आधीची आणि तीन महिन्यांनंतरची. कंपनीचं नाव नको, कुणाचं नाव नको. नुसते लाल-हिरवे आकडे आणि आपली निरीक्षणं. ती एकत्र केली तर महाराष्ट्रातल्या बायकांना या प्रशिक्षणांचा काय उपयोग झाला, हे आपल्याला आपल्या शब्दांत सांगता येईल. सरकारपुढे जाऊन वार्षिक अहवालाचा तो नियम बदला, 'किती' याबरोबर 'कुणासाठी' आणि 'पुढे काय' हेही विचारा, असं ठणकावून मागता येईल. डबे घरातलेच घ्या, चवळी अर्धा किलो पुरते. तारीख आज जेवणाआधी ठरवू या.